सामाईक बागेचे बारा महिने : उल्हास खोऱ्यातील जांभळाचा इतिहास

मे महिना संपत आला की बदलापूर रेल्वे स्थानकाबाहेर जांभळाच्या टोपल्या मांडल्या जातात. टोपलीत हिरवी पाने, पानांवर टपोरी काळी जांभळे आणि टोपलीमागे पहाटेच पाड्यावरून निघून आलेली आदिवासी भगिनी. गाडी पकडण्याच्या घाईत असलेला नोकरदारही तेथे क्षणभर थांबतो, घरच्या मुलांसाठी जांभळे बांधून घेतो आणि पुढे जातो. पावसाने चांगला जोर धरला की हा सारा बाजार उठतो, तो पुढच्या वर्षीपर्यंत.

ही जांभळे कोणत्या बागेतून येतात, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर उत्तर देणे सोपे नाही. या भागात जांभळाची अशी कुंपण घातलेली, मालकाच्या नावाची पाटी लावलेली मोठी बाग पूर्वापार नव्हती. झाडे आहेत ती भातखाचरांच्या बांधावर, ओढ्याकाठी, पाड्याच्या मागे, डोंगराच्या उतारावर आणि जुन्या वाड्यांच्या परसात. कोणी ती ओळीने लावली नाहीत. तरीही पिढ्यानुपिढ्या या झाडांनी शेकडो घरांना महिनाभराचे उत्पन्न दिले आणि तीन गावांच्या मुलांना रानमेवा दिला. अनेक हातांनी राखलेली आणि अनेक तोंडांनी खाल्लेली ही एक सामाईक फळबागच होय. ती कशी टिकली, कशी मोडू लागली आणि ती पुन्हा उभी करावयाची तर वर्षभर काय करावे लागते, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खोरे आणि झाड

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत कल्याणच्या खाडीकडे जाते. बदलापूरच्या पुढे तिला बारवी मिळते. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराच्या बाजूने उल्हासनगरात शिरते आणि कल्याणकडे वाहत जाते. अंबरनाथचे ते मंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये पूर्ण झाले, असे तेथील शिलालेखावरून मानले जाते. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या नदीकाठी नांदती वस्ती होती.

या खोऱ्यात पाऊस भरपूर, जमीन कोठे मुरमाड तर कोठे भाताची काळी, आणि पावसाळ्यात ओढ्याकाठी पाणी साचून राहणारे. अशा जागी अनेक फळझाडांची मुळे कुजतात. जांभूळ मात्र पाण्यात काही काळ उभे राहूनही तगते. त्याची मुळे ओढ्याचा काठ धरून ठेवतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात आणि २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली तेव्हा उल्हास नदीचे रौद्र रूप सर्वांनी पाहिले. काठावरच्या झाडाची किंमत अशा वेळी कळते.

अंबरनाथ व बदलापूर यांच्या परिसरात एका गावाचे नावच जांभूळ असे आहे. झाडावरून गावाला नाव पडावे, इतका या झाडाचा येथील लोकांशी जुना संबंध आहे. आज औद्योगिक विकास महामंडळाचे मोठे जलशुद्धीकरण केंद्र याच गावात आहे. नळाचे पाणी पिताना आपल्यापैकी किती जणांना हे नाव आठवते, कोण जाणे!

प्रवासी आणि बादशहा यांच्या नोंदी

जांभूळ हे हिंदुस्थानचे जुने फळ असल्याची साक्ष परदेशी प्रवाशांनीही दिली आहे. मोरोक्कोहून निघालेला इब्न बतूता १३३३ मध्ये सिंधू नदी ओलांडून हिंदुस्थानात आला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने येथील आंबा, फणस, मोह यांच्याबरोबर जांभळाचाही उल्लेख केला आहे. झाड मोठे, फळ काळे, ऑलिव्हसारखे आणि आत एकच बी, असे त्याने वर्णन केले आहे. पुढे बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची यादी दिली. त्याला जांभळाचे झाड देखणे वाटले, फळ काळ्या द्राक्षासारखे दिसले. पण चव मात्र आंबटसर, फारशी चांगली नाही, असा निकाल त्याने दिला. द्राक्षांवर आणि खरबुजांवर वाढलेल्या माणसाला तुरट फळ न आवडणे स्वाभाविक होते.

मोगल बादशहांना बागांचा फार शौक. बिहारमध्ये दरभंग्याजवळ अकबराच्या काळी एक लाख आंब्यांची ‘लाखी बाग’ लावली गेली, असे सांगितले जाते. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मोगल काळातील हिमायत बाग आहे. परंतु शाही बागेला माळी लागतात, मोट लागते, भिंत लागते आणि या सर्वांना पगार देणारा खजिना लागतो. खजिना आटला की बाग सुकते. हिमायत बाग टिकली, कारण पुढे तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आले आणि झाडांना नवा पालक मिळाला.

उल्हास खोऱ्यातील जांभळाला ना खजिना होता ना भिंत. त्याला राखणारी गोष्ट वेगळी होती. झाड ज्याच्या बांधावर असेल त्याला सावली व काही वाटा मिळे. फळ उतरविणाऱ्याला, म्हणजे बहुधा ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी कुटुंबाला, मजुरी व विक्रीचे पैसे मिळत. कोठे मालकाला हंगामाची ठरावीक रक्कम दिली जाई, कोठे फळाचा वाटा ठरे. खाली पडलेले फळ मुलांचे आणि पाखरांचे. हा करार कागदावर नव्हता. पण झाड तोडल्यास सर्वांचेच नुकसान, हे सर्वांना समजत होते. सामाईक बाग टिकण्याचे हेच रहस्य आहे. झाडाशी जितक्या जास्त लोकांचा हक्क आणि तितकीच जबाबदारी जोडलेली, तितके झाड सुरक्षित.

रूळ, छावणी आणि कारखाने

१८५४ मध्ये आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये ती पुढे पळसदरीपर्यंत गेली. या मार्गामुळे बदलापूरच्या शिवारातील माल मुंबईच्या जवळ आला. जांभळासारख्या फळाला याचे महत्त्व विशेष होते. जांभूळ पिकल्यावर एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. सकाळी उतरविलेले फळ त्याच दिवशी खपले नाही तर टोपलीत पाणी सुटते. बैलगाडीच्या जमान्यात जे फळ गावातच खावे लागे किंवा कुजू द्यावे लागे, ते रेल्वेमुळे शहराच्या बाजारात पोचू शकले.

मग विसाव्या शतकात या पट्ट्याचे रूप बदलत गेले. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना आला, आयुधनिर्माणी आली आणि १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हासनगर जन्मास आले. घरदार गमावून आलेल्या लोकांनी सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या जागेत व्यापार-उद्योगाचे एक शहर उभे केले. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. परंतु एवढ्या दाटीत झाडाला जागा उरली नाही, हेही खरे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांच्या वर गेलेली होती.

बदलापूरचा बदल त्याहून अलीकडचा. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर तिच्यात घेण्यात आले होते. १९९२ मध्ये ती गावे बाहेर काढून त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग येथे येऊ लागला. २००१ मध्ये सुमारे ९८ हजार असलेली बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ! ज्या बांधावर जांभूळ उभे होते तो बांध भूखंडाची हद्द झाला आणि नंतर इमारतीचा पाया. जमिनीचा मालक जमीन विकून मोकळा झाला. पण त्या झाडावर महिनाभर जगणाऱ्या पाड्यावरच्या कुटुंबाला त्या व्यवहारात एक पैसाही मिळाला नाही. न लिहिलेल्या कराराचे दुबळेपण येथेच आहे. तो पाळला जातो तोपर्यंतच असतो. मोडला तर दाद मागता येत नाही.

कायदा अगदीच नव्हता असे नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, मोह यांच्याबरोबर जांभळाचेही नाव आहे. म्हणजे स्वतःच्या शेतातील जांभूळ तोडण्यासही परवानगी लागते. शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. परंतु कायदा झाडापर्यंत चालत जात नाही. कोणीतरी झाड मोजावे, त्याची नोंद करावी आणि वेळेवर अर्ज करावा लागतो. त्यासाठी गावात जागी माणसे हवीत.

लावण्याचा दिवस आणि राखण्याचे वर्ष

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. दर जुलैत शाळाशाळांतून झाडे लावण्याची प्रथा तेव्हापासून रूढ झाली. अलीकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प जाहीर केले.

याच मोहिमेच्या काळात, जुलै २०१७ मध्ये, अंबरनाथ तालुक्यात हाजी मलंगच्या डोंगराच्या परिसरातील मांगरूळ येथे वनजमिनीवर एक लाख रोपे लावण्याचा मोठा उपक्रम झाला. हजारो स्वयंसेवक, विद्यार्थी व विद्यार्थिनी एका दिवसात डोंगरावर चढल्या आणि रोपे लावून आल्या. दृश्य खरोखर प्रेरणादायी होते. परंतु त्यानंतरच्या काळात तेथे एकाहून अधिक वेळा आगी लागल्या आणि हजारो रोपे होरपळली. लावणाऱ्यांनी पुन्हा रोपे लावली, ही गोष्ट कौतुकाची. मात्र या घटनेतून प्रत्येकाने एक धडा घ्यावयास हवा. रोप लावण्यास हजारो हात एका दिवसासाठी मिळतात. खरी गरज असते ती नोव्हेंबरात गवत कापणाऱ्या वीस हातांची आणि मार्चमध्ये राखण करणाऱ्या चार डोळ्यांची.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील राळेगण सिद्धी या गावाने हे सत्य लवकर ओळखले. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे जे काम झाले, त्यात श्रमदानाच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे नियम होते. झाड लावण्याआधी गावाने ठरविले की गुरे मोकळी सोडावयाची नाहीत आणि झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाही. नियम आधी, रोप नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

शासनाच्या योजनाही हळूहळू याच निष्कर्षाला आल्या. १९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि राज्याचा फळबागांचा नकाशा बदलला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान एकदम दिले जात नाही. ते तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागून मिळते, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी किमान ८० टक्के व दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. लावलेल्या झाडाला अर्धे पैसे, जगलेल्या झाडाला उरलेले! सामाईक बाग चालविणाऱ्या प्रत्येक मंडळाने हा हिशेब मनावर कोरून ठेवावा.

बागेचे बारा महिने

आता समजा, एखाद्या शाळेने, मोहल्ल्याने किंवा पाड्याने एक हेक्टर मोकळ्या जागेवर जांभळाची सामाईक बाग करण्याचे ठरविले. दोन झाडांत व दोन ओळींत दहा मीटर अंतर धरले तर हेक्टरी १०० झाडे बसतात. या शंभर झाडांचे वर्ष कसे जाते ते पाहू.

चैत्र-वैशाखात खड्डे खणावयाचे. एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा, म्हणजे मातीतील किडी व बुरशी कमी होतात. मग चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडे सुपर फॉस्फेट यांनी तो भरून ठेवावा. कडक उन्हातले हे काम सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी फोटो निघणारे. पण झाडाचे पुढचे आयुष्य त्यावरच ठरते.

मृगाचा पाऊस चांगला मुरला की ज्येष्ठ-आषाढात लागवड. रोप बियांचे की कलमाचे, हे आधी ठरवावे. जांभळाचे बी फळातून काढल्यावर फार दिवस जिवंत राहत नाही. दोन आठवड्यांच्या आत पेरावे लागते. बियांच्या झाडाला फळ येण्यास साधारण आठ-दहा वर्षे लागतात, कलमाला त्याच्या निम्मी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे. ज्यांना बदलापूरचेच जुने वाण राखावयाचे असेल, त्यांनी मात्र गावातील उत्तम झाड हेरून त्याचेच कलम बांधून घ्यावे. शंभर झाडांत सगळी एकाच झाडाची लेकरे नसावीत. चार-पाच चांगल्या झाडांची असावीत, म्हणजे रोग पडला तरी सारी बाग एकदम जात नाही.

श्रावण-भाद्रपदात पावसामुळे बागेकडे कोणी फिरकत नाही आणि नेमके तेव्हाच गवत रोपाच्या डोक्यावर जाते. दर पंधरा दिवसांनी आळ्यातील गवत काढणे, वाऱ्याने कललेल्या रोपाला काठीचा आधार देणे आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावणे, म्हणजे नांग्या भरणे, ही या काळातली कामे. दरवर्षी काही रोपे मरतातच. त्याबद्दल कोणाला दोष न देता पाऊस असेतोच नांग्या भराव्यात.

आश्विन-कार्तिकात गवत वाळते आणि वणव्याचा धोका सुरू होतो. बागेच्या चारही बाजूंनी सुमारे दहा फूट रुंदीचा पट्टा गवत काढून स्वच्छ करावा. यालाच जाळपट्टा म्हणतात. कापलेले गवत जाळू नये. तेच रोपाच्या आळ्यात अंथरले की ओलावा टिकतो. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी लागते. मांगरूळसारख्या ठिकाणी घडले ते टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे सुमारे तीस आठवडे, पाणी घालावे लागते. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. प्रत्येक रोपाला आठवड्याला दहा लिटर धरले तर शंभर रोपांना एक हजार लिटर. पंचवीस कुटुंबांनी चार-चार रोपे वाटून घेतली तर प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला आठवड्यातून चाळीस लिटर, म्हणजे जेमतेम तीन-चार बादल्या. तीस आठवडे कोणीही चुकले नाही तर पहिला उन्हाळा निभावतो. रोपाजवळ तळाला बारीक भोक पाडलेले मडके पुरून त्यात पाणी भरले तर पाणी आणखी कमी लागते. अशा दोन-तीन उन्हाळ्यांनंतर जांभूळ स्वतःचे पाणी स्वतः शोधते.

थंडीत खोडाची तपासणी करावी. मोरचूद एक किलो, चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर यांची बोर्डो पेस्ट करून खोडाला दोन-तीन फूट उंचीपर्यंत लावावी. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवावे, लोखंडी भांडे वापरू नये. थंडी सरता सरता मोठी झाडे फुलू लागतात. फुलोऱ्यावर मधमाश्यांचा गुंजारव असतो. अशा वेळी कीटकनाशक मारणे म्हणजे आपल्याच फळावर पाणी सोडणे होय.

मग येतो हंगाम. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला साधारण ८० ते १०० किलो फळ देते. पण सारे एकदम पिकत नाही. रोज पहाटे झाडावर चढून फक्त पिकलेली फळे हाताने तोडावी लागतात आणि खांद्याच्या झोळीत ठेवावी लागतात. जांभळाची फांदी ठिसूळ असते. आवाज न करता मोडते. दर हंगामात झाडावरून पडून माणसे जायबंदी होतात. म्हणून सामाईक बागेत लहान मुलांनी झाडावर चढावयाचे नाही, चढणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि खाली जाळी किंवा चादर धरलेली असावी, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. झाड लहान असतानाच शेंडा छाटून ते पसरट ठेवले तर पुढे चढण्याची गरजही कमी होते.

वाटणीचे गणित

बाग फळावर आली की खरी परीक्षा सुरू होते. फळ नसताना सारे एकत्र असतात. फळ आले की हिशेब निघतात. म्हणून वाटणीचे नियम फळ येण्याच्या कित्येक वर्षे आधी लिहून ठेवावेत. पाणी कोणी किती आठवडे घातले याची वही असावी. उतरविणाऱ्याची मजुरी आधी द्यावी, बागेच्या पुढील वर्षाच्या खर्चाचा भाग बाजूला काढावा, मग उरलेले वाटावे. काही फळ झाडावर पाखरांसाठी राखावे, खाली पडलेले मुलांचे असावे. जुन्या पाड्यावरचा हा रिवाजच होता. आता तो कागदावर आणावयाचा आहे, इतकेच.

उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली. तिने १९८२ मध्ये गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’ उपक्रम सुरू केला आणि पुढे जव्हारच्या परिसरातही तो आणला. साधारण एकरभर जागेत फळझाडे, कडेला कुंपणाची व जळणाची झाडे, मधल्या जागेत धान्य-भाजी, असे त्याचे स्वरूप. झाड कुटुंबाच्या नावावर, पण रोपे, पाणी आणि विक्री यांसाठी गट. प्रत्येक झाडाला एक जबाबदार माणूस आणि प्रत्येक माणसामागे एक गट, ही त्या उपक्रमाची शिकवण आपल्या शाळा व मोहल्ल्यांनाही लागू पडते. वनजमिनीवरील झाडांच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे. स्वयंसेवक म्हणून डोंगरावर जाणाऱ्यांनी हे विसरू नये की ज्या जागी ते रोप लावतात, तेथे आधीपासून कोणाचा तरी वावर व हक्क असतो. त्यांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन लावलेले झाडच जगते.

बदलापुरातही असा प्रयत्न झाला आहे. तेथील काही नागरिकांनी एकत्र येऊन जांभूळ संवर्धनासाठी ट्रस्ट स्थापन केला, जुन्या झाडांची माहिती गोळा केली आणि आदिवासी विक्रेत्यांना बरोबर घेऊन काम सुरू केले. त्यांच्या पाठपुराव्यातून २०२३-२४ या काळात ‘बदलापूर जांभूळ’ याला भौगोलिक मानांकन मिळाले. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळालाही असेच मानांकन लाभले आहे. यासाठीचा केंद्रीय कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आला; त्याची नोंदणी चेन्नई येथे होते. आपल्या भागातील घोलवडचा चिकू याआधीच या यादीत गेलेला आहे. मानांकन मिळाले म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे जांभूळ बदलापूरच्या नावाने विकता येत नाही. पण ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. दहा वर्षांनी कागदाचे नूतनीकरण होईल. तोवर झाडेच उरली नाहीत तर त्या कागदाचे काय करावयाचे? मानांकनाने फळाला नाव दिले. झाडाला आयुष्य देण्याचे काम गावालाच करावे लागेल.

विद्यार्थी व पालकांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढेच नाही. आपल्या रस्त्याच्या कडेला उभे असलेले शंभर वर्षांचे जांभूळ हेही इतिहासाचे एक पान आहे. त्याने आगगाडी पाहिली, फाळणीतून आलेली माणसे पाहिली, कारखान्याच्या चिमण्या पाहिल्या आणि आता उंच इमारती पाहत आहे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या भागातील पाच जुनी फळझाडे शोधावीत. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर दोरीने मोजावा. फुले केव्हा आली, फळ केव्हा पिकले आणि फळ कोण उतरवितो, हे वहीत लिहावे. ज्या वृद्ध शेजाऱ्यांना ते झाड कोणी लावले ते आठवत असेल, त्यांची हकीकत टिपून घ्यावी. अशी पाच-दहा वर्षांची वही एखाद्या शाळेत असेल तर उद्या झाड वाचविण्यासाठी अर्ज करताना तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

पालकांना एवढीच विनंती की शाळेच्या आवारात किंवा मोहल्ल्याच्या मोकळ्या जागेत झाड लावण्याचा समारंभ ठरेल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारावेत: येत्या फेब्रुवारीत या रोपाला पाणी कोण घालणार? आणि आठ-दहा वर्षांनी याचे फळ कोणाला मिळणार? पहिल्या प्रश्नाला माणसाचे नाव आणि दुसऱ्याला लिहिलेला नियम, अशी उत्तरे मिळाली तर खुशाल खड्डा खणावा. ज्याने जांभूळ लावले तो बहुधा त्याची पहिली जांभळे खाईल, पण त्याचे शेवटचे फळ त्याची नातवंडे-पणतवंडे खातील. आपल्या आधीच्या लोकांनी, ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, ही अमानत आपल्या हाती दिली. ती पुढच्यांच्या हाती देईपर्यंत दर आठवड्याला चार बादल्या पाणी, एवढाच तिचा हिशेब आहे.